सहाचा आकडा खोडायची तयारी ठेवा: बार्बरा स्मिथ यांच्याकडून तळातलं संघटन कसं शिकायचं

बार्बरा स्मिथ, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, लेस्बियन स्त्रीवादी कार्यकर्त्या, हे नाव आपल्यापर्यंत येतं ते बहुतेक वेळा एका शब्दाच्या मागून. तो शब्द म्हणजे आयडेंटिटी पॉलिटिक्स (आपली ओळख आणि तिच्यामुळे सोसावा लागणारा अन्याय यांतून उभं राहणारं राजकारण), आणि तो आला की लोक लगेच बाह्या सरसावतात, तासभर वाद होतो आणि बाई कोण, दिवसभर करत काय होत्या, हे राहूनच जातं. मी पण पूर्वी तसंच केलंय. त्यांच्या गटाचा जाहीरनामा वाचला, चार ओळी अधोरेखित केल्या, झालं. नंतर त्यांच्या १९७९च्या पत्रकाची गोष्ट वाचनात आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की अरे, शिकायचं तर इथून शिकायला हवं.

तर हे त्यासाठी लिहितेय. तुम्ही पाच-सात जणी (किंवा जण) मिळून काहीतरी सुरू करायच्या विचारात असाल, हातात पैसा नाही, ऑफिस नाही, ओळखीपाळखी नाहीत, तर या बाईंनी नेमकं काय काय केलं ते बघा आणि त्यातलं जे जमेल ते उचला. चरित्र सगळं सांगत बसत नाही, कामापुरतं सांगते.

आधी एवढं माहिती असू द्या

जन्म १९४६, क्लीव्हलँड, ओहायो. बेव्हर्ली ही जुळी बहीण. दोघी नऊ वर्षांच्या असताना आई गेली आणि आजी-मावश्यांनी वाढवलं. घर मूळचं जॉर्जियातलं, म्हणजे दक्षिणेतला वर्णभेद सोसून उत्तरेत आलेलं. १९६४ साली क्लीव्हलँडमध्ये शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध मोठं आंदोलन झालं, शाळांवर बहिष्कार घातला गेला, नव्या शाळेच्या बांधकामाच्या जागी निदर्शनं करताना ब्रूस क्लंडर नावाचा तरुण पाद्री बुलडोझरखाली मेला, आणि या दोघी बहिणी तेव्हा शाळेत होत्या नि त्या आंदोलनात होत्या. म्हणजे पुस्तकं वाचून चळवळीत आलेल्या नाहीत, चळवळीतून पुस्तकांकडे गेल्या. पुढे माउंट होल्योक कॉलेज, मग पिट्सबर्गला एमए.

आता अडचण अशी होती की नागरी हक्कांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या चळवळीत पुढारी पुरुष, तिथे बायकांचं म्हणणं म्हणजे फूट पाडणं. स्त्रीमुक्तीच्या गटांमध्ये गेलं तर तिथे बहुतेक गोऱ्या बायका, त्यांना वर्णभेदाचं बोललं की कंटाळा. आणि लेस्बियन आहे म्हटलं तर दोन्हीकडे लोक इकडेतिकडे बघणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात तसं, फक्त इथे तीन विहिरी. मग करायचं काय? स्मिथबाईंनी केलं ते असं, की १९७३ साली न्यूयॉर्कला नॅशनल ब्लॅक फेमिनिस्ट ऑर्गनायझेशन या कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या संस्थेची परिषद झाली तिथे गेल्या, परत येऊन बॉस्टनमध्ये तिची शाखा सुरू केली, आणि थोड्याच दिवसांत त्या शाखेतल्या बायकांना कळलं की आपलं राजकारण मूळ संस्थेपेक्षा बरंच डावीकडचं आहे, तेव्हा सरळ वेगळ्या झाल्या. तोच कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह.

नाव ठेवताना एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २ जून १८६३ला, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, साउथ कॅरोलिनातल्या कॉम्बाही नदीवर हॅरिएट टबमन (स्वतः गुलामीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या कृष्णवर्णीय बाई) यांच्या वाटाड्येपणाखाली मोहीम झाली आणि एका फटक्यात ७००हून जास्त गुलाम माणसं सुटली. गटाला टबमन यांचं नाव देता आलं असतं, सोपं होतं. पण स्मिथबाईंना एका थोर व्यक्तीचं नाव नको होतं, खूप जणांनी मिळून केलेल्या कामाचं नाव हवं होतं. तुमच्या गटाचं नाव ठरवताना हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. माणसाचं नाव घेतलं की दरवर्षी जयंतीला हार घालायचं काम मागे लागतं, कामाचं नाव घेतलं की लोक विचारतात, मग तुम्ही काय केलंत?

पत्रक कसं काढायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून इथे जरा रेंगाळते.

१९७९च्या जानेवारीच्या शेवटापासून मे महिन्याच्या शेवटापर्यंत बॉस्टनमध्ये १२ कृष्णवर्णीय बायकांचे खून झाले. सगळे थोड्याशा अंतरात, रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, साउथ एंड या भागांत. सुरुवातीला पेपरात आत कुठेतरी छोटीशी बातमी. पोलिसांचा सूर असा की या बायका रात्रीबेरात्री बाहेर कशाला होत्या. १ एप्रिलला मोठा शोकमोर्चा निघाला, आणि शेवटी जी भाषणं झाली त्यात पुरुष वक्ते म्हणाले की हा वर्णद्वेषाचा हल्ला आहे, आपल्या बायकांचं रक्षण आपण पुरुषांनी करायला हवं, बायकांनी घरात राहावं. मेलेल्या सगळ्या बायका होत्या, म्हणून मेल्या, याबद्दल अवाक्षर नाही. स्मिथबाई त्या गर्दीत होत्या. घरी आल्या आणि लिहायला बसल्या.

पत्रकाचं शीर्षक होतं, सहा कृष्णवर्णीय स्त्रिया: त्या का मेल्या? आणि छपाईपर्यंत सहा हा आकडाच जुना झाला. मग जुना आकडा खोडला, पुढचा घातला. पुढच्या छपाईला तोही जुना. असं करत करत ११, १२. एकूण ४०,००० प्रतींच्या घरात वाटल्या गेल्या, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये.

आता यातून कसं करायचं ते बघू.

शीर्षकात प्रश्न आणि आकडा. घोषणा नाही. प्रश्न वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतो, तो बसमध्ये शेजारच्या बाईला विचारतो. जाहीर निषेध, तीव्र निषेध, हे शब्द मी इतक्या पत्रकांवर वाचलेत की आता डोळा आपोआप पुढे सरकतो.

आकडा बदलायची लाज वाटू देऊ नका. आपल्याकडे लोक एक चूक झाली की पुन्हा सगळं टाइप करतात, डिझाइनवाल्याला फोन, चार दिवस गेले. तिथे त्या खोडलेल्या आकड्याने जे सांगितलं ते नवीन छापलेल्या कोऱ्या आकड्याने सांगितलं नसतं, की आम्ही हे लिहीत होतो तेवढ्यात अजून एक गेली. त्यामुळे पत्रक नेहमी असं बनवा की हाताने दुरुस्त करता येईल. मोकळी जागा ठेवा.

आत काय लिहायचं? स्मिथबाईंच्या पत्रकात दोन गोष्टी जोडून होत्या, एक म्हणजे हे का होतंय याचं साधं सरळ विवेचन, वर्ण आणि स्त्री असणं दोन्ही एकत्र, आणि दुसरी म्हणजे आज रात्री घरी जाताना स्वतःला कसं सांभाळायचं याच्या सूचना, कुठल्या गटांकडे मदत मिळेल त्याची यादी. बऱ्याच लोकांना हे दोन एकत्र नको असतात. विचारवाल्यांना सूचना क्षुल्लक वाटतात, सेवावाल्यांना विवेचन नको वाटतं. पण वाचणारी बाई एकच असते ना, तिला भीती पण वाटतेय आणि राग पण आलाय. नुसत्या सूचना दिल्या तर पुन्हा तेच, की तूच काळजी घे बाई. नुसतं विवेचन दिलं तर ती म्हणणार, बरं मग मी उद्या कामावर जाऊ कशी?

भाषा: तुमच्या भागात दोन भाषा बोलल्या जात असतील तर दोन भाषांत काढा. दुसरी भाषा नंतर बघू म्हटलं की ती कधीच होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

वाटणं: हे काम कंटाळवाणं आहे आणि हेच खरं काम आहे. ४०,००० प्रती आपोआप वाटल्या जात नाहीत, कुणीतरी उभं राहतं, सभेच्या दारात, स्टेशनवर, दुकानात ठेवू का म्हणून विचारतं. ज्याला आपण सतरंज्या उचलणं म्हणतो ते. लिहिणाऱ्या बाईनेही वाटायला जावं, म्हणजे लोक पहिल्या ओळीनंतर कुठे थांबतात ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

बैठक, आणि गट शांत होतो तेव्हा

कलेक्टिव्हच्या बैठका बॉस्टनशेजारच्या केंब्रिजच्या विमेन्स सेंटरमध्ये व्हायच्या. फार माणसं नसायची. तुम्हाला ५० लोक हवेत असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा, ठरलेला वार, ठरलेली जागा आणि न चुकता येणाऱ्या चार जणी, एवढ्यावर सुरुवात होते.

त्यांचा जाहीरनामा एप्रिल १९७७चा आहे, स्मिथ भगिनी आणि डेमिटा फ्रेझर अशा तिघींनी लिहिलेला. त्यात चार भाग आहेत: आम्ही कुठून आलो, आमचा विश्वास कशावर, संघटन करताना काय अडचणी आल्या, आणि आमचं काम. सगळे दुसऱ्या भागावर तुटून पडतात कारण तो गाजलेला शब्द तिथे आहे. माझा सल्ला असा की काम सुरू करणाऱ्यांनी आधी तिसरा आणि चौथा वाचावा. तिसऱ्या भागात त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की मधले कितीतरी महिने गटात काही घडलंच नाही, आपसात मतभेद झाले, आधी वाटलं की हे लेस्बियन आणि लेस्बियन नसलेल्या बायकांमधलं भांडण आहे, नंतर लक्षात आलं की त्यात वर्गाचे आणि राजकीय विचारांचेही फरक होते. कोण आपल्या जाहीरनाम्यात असं लिहितं हो?

मग त्यांनी काय केलं तर गट बंद केला नाही आणि उसना उत्साहही आणला नाही. अभ्यासगट झाल्या. एकमेकींना वाचायला द्यायचं, त्यावर बोलायचं. १९७७ ते १९८० या काळात सात वेळा राहायच्या शिबिरांसारख्या बैठका घेतल्या, पहिली साउथ हॅडलीला, वेगवेगळ्या शहरांतून बायका यायच्या, आपण लिहिलेलं आणि आवडलेलं सोबत घेऊन यायच्या आणि वाटायच्या. कृष्णवर्णीय लेस्बियन कवयित्री ऑड्री लॉर्डसुद्धा त्यात असायच्या. तेव्हा तुमचा गट शांत झाला असेल तर घाबरू नका, दोन महिने फक्त वाचा. मात्र वार आणि जागा सोडू नका. वार सुटला की गट सुटला.

भांडणाबद्दल अजून एक. भांडण कशाबद्दल आहे हे पहिल्या दिवशी जे वाटतं ते बहुतेक वेळा नसतं. मी एका गटात होते तिथे सगळं मोडलं ते इतिवृत्त कोणी लिहायचं यावरून, आणि वर्षभराने कळलं की खरा प्रश्न असा होता की तीच एक जण नेहमी लिहायची, तिलाच लवकर घरी जावं लागायचं, आणि तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा लिहायचं, चहा करायचं, कुलूप लावायचं काम आलटून पालटून. हे कागदावर लिहा, तोंडी ठेवू नका.

आणि ज्या गटात कुणी लेस्बियन, गे, ट्रान्स आहे तिथे हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्या की कुणाचं नाव बाहेर कुठे जाणार, कुठे नाही. कलेक्टिव्हने आम्ही लेस्बियन आहोत हे उघड लिहिलं, तो त्यांचा निर्णय होता, सगळ्यांनी मिळून घेतलेला. दुसऱ्याचं गुपित आपल्या पत्रकाची शोभा वाढवायला वापरायचं नाही.

दुसऱ्यांबरोबर काम

इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे. आयडेंटिटी पॉलिटिक्स म्हणजे आपलं आपलं बघायचं, असं समजतात. जाहीरनाम्यात उलट आहे, त्यांनी पुरुषांपासून पूर्ण वेगळं व्हायचं धोरण स्पष्ट नाकारलंय, आणि तर्क असा मांडलाय की कृष्णवर्णीय बायका सुटल्या तर सगळेच सुटतील कारण त्यासाठी जुलमाच्या सगळ्याच व्यवस्था मोडाव्या लागतील. म्हणजे सगळ्यात खालचं टोक धरून पूर्ण गुंता ओढायचा.

कामं बघा त्यांची. कृष्णवर्णीय वस्तीत शाळा बांधली जातेय आणि मजूर मात्र बाहेरचे, तर बांधकामावर कृष्णवर्णीय कामगार घ्या म्हणून निदर्शनात उभ्या. कायदेशीर गर्भपात केल्याबद्दल डॉ. केनेथ एडेलिन यांना १९७५ साली दोषी ठरवलं गेलं, तर त्यांच्या बाजूने काम. (पुढच्या वर्षी वरच्या कोर्टात ते सुटले.) गरीब बायकांची न विचारता नसबंदी करायचे, त्याविरुद्ध काम. यातलं एकही काम फक्त लेस्बियन बायकांचं नाही. तरीही त्या तिथे लेस्बियन म्हणून, उघडपणे होत्या. १९७९च्या खुनांच्या वेळी सुद्धा, वस्तीतले गट, गोऱ्या स्त्रीवादी बायका, सगळ्यांना एकत्र आणून कोअलिशन फॉर विमेन्स सेफ्टी ही बायकांच्या सुरक्षेसाठीची आघाडी झाली.

तुम्ही करताना असं करा: आधी दुसऱ्याच्या कामाला जा, दोन-तीनदा, काही न मागता. मग आपलं काम घेऊन जा. आणि एकत्र यायच्या आधी ठरवा की पैसा कोण धरणार, माइकवर कोण बोलणार, आणि पेपरवाल्यांशी कोण बोलणार. या तीन गोष्टींवर जेवढ्या आघाड्या फुटल्यात तेवढ्या विचारसरणीवर फुटल्या नसतील, असं माझं मत.

मँडी कार्टर यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. त्याही कृष्णवर्णीय, लेस्बियन, जन्म १९४८, लहानपण अनाथाश्रमांत गेलेलं, युद्धविरोधी चळवळीतून आलेल्या. १९९३ साली डरहॅम, नॉर्थ कॅरोलिना इथे सहा लेस्बियन बायकांनी सदर्नर्स ऑन न्यू ग्राउंड ही संस्था उभी केली, तीन कृष्णवर्णीय आणि तीन गोऱ्या, कार्टरबाई त्यातल्या एक. मागाहून दोन जणींना समितीवर घेऊन फोटो काढायचा हा प्रकार नाही, पाया घालतानाच निम्म्या-निम्म्या. कार्टरबाई एक प्रश्न नेहमी विचारतात, आपण जस्टिससाठी आहोत की जस्ट असपुरते? इंग्रजीतली कोटी आहे (जस्टिस म्हणजे न्याय, जस्ट अस म्हणजे फक्त आपण), मराठीत तशी होत नाही, पण प्रश्न बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावावा असा आहे.

आणि ज्यांच्या नावाने काम चाललंय त्यांना निर्णयात जागा नसेल तर बाहेर उभं राहून तसं सांगायचं. एप्रिल २०००मध्ये वॉशिंग्टनला समलैंगिक हक्कांचा मोठा मोर्चा झाला, तो दोन मोठ्या संस्थांनी वरच्या वर ठरवला म्हणून तळातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांनी उघड विरोध केला, त्यात स्मिथबाई पुढे होत्या. आपल्याच लोकांच्या मोर्चाला विरोध करणं सोपं नसतं, ओळखी तुटतात, पुढची आमंत्रणं येत नाहीत.

पैसे

१९८०मध्ये ऑड्री लॉर्ड यांनी फोनवर म्हटलं की छापण्याचं काहीतरी करायला हवं, आणि त्यातून किचन टेबल: विमेन ऑफ कलर प्रेस हे गोऱ्या नसलेल्या बायकांचं प्रकाशनगृह उभं राहिलं. स्वयंपाकघरातलं टेबल, कारण बायका तिथे बसून बोलतात आणि कामही करतात, आणि कारण वाडवडिलांचा पैसा नसलेल्या बायकांचं हे घरगुती काम आहे हेही त्यात आलं. ज्यांची पुस्तकं कुणी छापत नव्हतं त्या बायकांनी स्वतः छापली, आणि पुस्तकांबरोबर स्वस्त पुस्तिका काढल्या, कारण पुस्तिका सभेत वाटता येते. तो जाहीरनामाही १९८६ला पुस्तिकेच्या रूपात आला. तुमच्याकडे छापायला पैसे कमी असतील तर पुस्तक विसरा, १६ पानी पुस्तिका काढा.

पण याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही म्हणून सांगते. प्रेस चालवताना पगाराची बोंब, वर्षानुवर्षं. पुढे स्मिथबाई न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात राहिल्या, तिथल्या कॉमन कौन्सिलवर निवडून आल्या आणि २००६ ते २०१३ अशा दोन मुदती नगरसेविका म्हणून काम केलं, वस्तीतल्या हिंसाचारापासून शाळांपर्यंत. एवढं करून म्हातारपणी हातात पेन्शनचा भरवसा नाही, तेव्हा त्यांना मानणाऱ्या लोकांनी मिळून केअरिंग सर्कल सुरू केलं, दर महिन्याला थोडी थोडी रक्कम द्यायची. चांगलं आहे, पण ५० वर्षं काम केल्यावर ही वेळ यावी का? तेव्हा गटाच्या वर्गणीतून जी बाई सगळ्यात जास्त राबते तिचा प्रवासखर्च, फोनचा खर्च पहिल्या महिन्यापासून द्या. ती नको म्हणेल. तरी द्या, आणि वहीत लिहा.

कागद

शेवटचं काम कागद जपायचं. स्मिथबाईंचे कागद न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज या लेस्बियन बायकांच्या इतिहासाच्या संग्रहात आहेत, म्हणून आज या गोष्टी आपल्याला कळतात. प्रत्येक पत्रकाच्या दोन प्रती बाजूला काढून ठेवा, मागे पेन्सिलीने तारीख, किती छापल्या, कुठे वाटल्या. बैठकीची वही शाईने. फोनमधले फोटो महिन्यातून एकदा दुसरीकडे उतरवा, आणि कुणाचे चेहरे बाहेर जाऊ नयेत ते तिथेच लिहा. आकडा खोडलेली प्रत सापडली तर तीच ठेवा, स्वच्छवाली नको.